येणे बाकी

आमच्या गावच्या रवळनाथाच्या देवळामागे चिऱ्यांची एक रास आहे. २०१८ च्या मे महिन्यात दोन ट्रक भरून चिरे आले होते. तेव्हा ते लालबुंद होते, कोपरे धारदार, हात लावला की तळव्याला तांबडी पूड लागायची. आता पावसाळ्यामागून पावसाळे अंगावर घेऊन काळे पडलेत. वर शेवाळ चढलंय, फटींतून नेचे डोकावतात. पोरं लपाछपी खेळताना त्यांच्याआड दडतात, आणि हे चिरे सभामंडपासाठी आणले होते हे त्यांतल्या निम्म्यांना ठाऊकही नाही.

सभामंडपाचा फंड मुंबईतल्या एका नागरी सहकारी बँकेत होता. तिचं नाव इथे लिहीत नाही. तिचा कारभार आता अवसायकाकडे, म्हणजे बंद पडलेल्या बँकेची देणी-घेणी मिटवायला नेमलेल्या अधिकाऱ्याकडे आहे, आणि मला जे सांगायचंय ते त्या एका बँकेपुरतं नाही.

देवगड तालुक्यातलं आमचं गाव म्हणजे ११२ घरं, त्यातली निम्मी मे महिना आणि चतुर्थी सोडली तर कुलूपबंद. फंड जमायला अकरा वर्षं लागली. देवाच्या काजूंचा दरवर्षी लिलाव व्हायचा, त्याचे पैसे. जत्रेतल्या नारळांचे पैसे. चाकरमान्यांचं मंडळ मुंबईत दरमहा वर्गणी काढायचं, ती. एका म्हाताऱ्या विधवा काकीने आपल्या कलमांची एक सबंध मोसमाची पट्टी, म्हणजे आंब्यांचे आलेले पैसे, देवाच्या नावाने दिली होती. हे सगळं माझ्या बाबांच्या वहीत नावानिशी आहे. बाबा प्राथमिक शिक्षक होते, निवृत्त झाल्यावर गावकीचा हिशेब त्यांच्याकडे आला. लाल पुठ्ठ्याची लांबट वही, डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, आणि पान संपलं की खाली शिल्लक, तिच्याखाली दोन रेघा. बँक त्यांनीच सुचवली होती. तिथे व्याज सरकारी बँकेपेक्षा जवळपास एक टक्का जास्त होतं, मंडळाच्या सभेला बँक आपली वरची खोली द्यायची, आणि शाखेतला एक कारकून शेजारच्या गावचा. आपला माणूस. कोकणातल्या माणसाला पैसे कुठे ठेवावेत हे ठरवताना ताळेबंद वाचता येत नाही. तो माणूस वाचतो.

२०१८ च्या ऑगस्टात, चतुर्थी पंधरा-वीस दिवसांवर असताना, बातमी आली. रिझर्व्ह बँकेने बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ३५अ खाली सहा महिन्यांसाठी निर्बंध घातले, खात्यातून एकूण हजार रुपयांपेक्षा जास्त काढता येणार नव्हते. मी कुडाळात एका दुकानदारी पेढीचे हिशेब लिहिते, म्हणून ती सूचना समजून सांगायला बाबांनी मलाच बोलावलं. मी दोन पानं चार वेळा वाचली. शेवटी एक वाक्य असतं, अशा प्रत्येक सूचनेत असतं: या निर्बंधांचा अर्थ बँकेचा परवाना रद्द झाला असा घेऊ नये. बाबांनी विचारलं, "मग कसा घ्यायचा?"

त्यांचा तो प्रश्न मला अजून सुटलेला नाही.

त्याच महिन्याच्या सुरुवातीला बाबा वर्षभराच्या काळजीतून मोकळे झाले होते. २०१७ च्या ऑगस्टात सरकारने लोकसभेत वित्तीय संस्थांच्या निराकरणाचं विधेयक आणलं होतं. एखादी बँक डबघाईला आली तर सरकारने बाहेरून पैसा ओतण्याऐवजी बँकेकडून ज्यांचं येणं आहे त्यांच्याच रकमा कापून किंवा त्यांचे समभाग करून तिला उभं करायचं, अशी एक तरतूद त्यात होती. आणि अशांत शेवटी ठेवीदारही आले. बँक बुडाली तर ठेवीदाराला भरपाई देणाऱ्या विम्याखालच्या रकमेला हात लागणार नाही असं सरकार सांगत होतं, पण गावात पोचली ती फक्त भीती. मोबाइलवर रोज नवा निरोप फिरायचा. बाजारपेठेत भेटणारा प्रत्येक जण विचारायचा, ठेव मोडू का, पोस्टात टाकू का. कितीतरी जणांनी मुदतीआधी ठेवी मोडल्या आणि व्याज घालवलं. २०१८ च्या ऑगस्टात विधेयक मागे घेतलं गेलं. बाबांनी ते कात्रण वहीत चिकटवलं, खाली तारीख घातली. त्याच पानाच्या मागच्या बाजूला आमच्या बँकेच्या निर्बंधांचं कात्रण आहे.

चतुर्थीच्या तिसऱ्या दिवशी देवळात सभा बसली. मुंबईहून सगळे आलेले, त्यामुळे खाली बसायलाही जागा नव्हती. बाबा वही घेऊन खांबाला टेकून बसले. पहिला प्रश्न एका गावकराने केला, आणि मग तोच प्रश्न तोंडातोंडी फिरत राहिला: "गुरुजी, आमचे पैशे गावतले मां?"

मालवणीत 'गावणं' म्हणजे मिळणं. मासळी गावता, हरवलेली गुरं गावतत, रानात अळंबी गावतत. पगारही गावता आणि पैशेही गावतत. एरवी कधी माझ्या लक्षात आलं नव्हतं, पण त्या दिवशी तो शब्द कानाला टोचला. हक्काची वस्तू आणि नशिबाने हाती लागलेली वस्तू, दोन्हींना आमच्या बोलीत क्रियापद एकच आहे. आणि बँकेच्या बाबतीत ते खरंच होतं. पैसे आमचेच होते, पण ते हाती लागतील की नाही हे समुद्रावर जाळं टाकून बघण्यासारखं झालं होतं.

कुणी म्हणालं, "सरकार काय बँक बुडाक देवचां नाय." दुसऱ्याने पेणचं उदाहरण दिलं. रायगड जिल्ह्यातल्या पेणच्या नागरी सहकारी बँकेवर २०१० मध्ये निर्बंध आले, पुढे परवाना गेला, आणि तिथले ठेवीदार समिती काढून वर्षानुवर्षं मोर्चे नेत राहिले. हे सांगितल्यावर सभेत सगळे गप्प झाले. दोन्ही बाजूंचं बोलणं खरं होतं, कारण दोन्हींना दाखले होते. बाबांनी एवढंच सांगितलं की आपल्याला माहीत नाही. छत्तीस वर्षं वर्गात उभं राहिलेला माणूस, त्याला गावासमोर 'माहीत नाही' म्हणताना मी पहिल्यांदा ऐकलं. मग पुजाऱ्याने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, तुझ्या लेकराबाळांनी पै-पै करून साठयलेलो पैसो अडकान ऱ्हवलो हा, तो सोडवन दी रे म्हाराजा!" सगळे मिळून म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

त्या रात्रीपासून बाबांची झोप गेली.

सहा महिने संपले की रिझर्व्ह बँक मुदत वाढवायची. पुन्हा सहा महिने. दर वेळी आशा, दर वेळी तेच वाक्य. दुसऱ्या बँकेत विलीन होणार अशी हूल दोनदा उठली. तो शेजारच्या गावचा कारकून एकदा घरी आला होता. त्याच्या स्वतःच्या ठेवी, सासऱ्याच्या निवृत्तीचे पैसे, सगळं त्याच बँकेत. लोक त्याला रस्त्यात अडवायचे. आईने त्याला चहा दिला, तो कपाकडे बघत बसला आणि म्हणाला, "मी पासबुकं भरीत होतंय वो, माका काय म्हायत?" कर्ज कुणाला दिली गेली आणि कशी बुडाली हे त्याच्या टेबलापर्यंत कधी आलंच नव्हतं.

विम्याबद्दल मी तेव्हाच खणायला बसले. १९६० मध्ये केरळातली पालई सेंट्रल बँक आणि आपल्याकडची अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, त्या धक्क्यातून ठेव विमा महामंडळ जन्माला आलं. १ जानेवारी १९६२ पासून विमा सुरू झाला, मर्यादा १,५०० रुपये. मर्यादा वाढत वाढत १९९३ मध्ये एक लाखावर गेली आणि तिथेच सत्तावीस वर्षं थांबली. त्या सत्तावीस वर्षांत गावात वीज, फोन, कोकण रेल्वे, डांबरी रस्ता सगळं आलं, कलमाच्या पेटीचा भाव कुठल्या कुठे गेला, ठेवीदाराची किंमत मात्र एक लाखच. ४ फेब्रुवारी २०२० रोजी ती पाच लाख झाली. आमच्या बँकेचा परवाना २०१९ मध्ये रद्द झाला असता तर गावाला एक लाख मिळाले असते. बँक मरणाला टेकून राहिली, पण मेली नाही, म्हणून आम्हाला पाच लाखांची कक्षा लाभली. न्याय असा तारखेवर लोंबकळत राहावा हे मला पटत नाही. जिथे आमचा फायदा झाला तिथेही पटत नाही.

आणि मग ठेवीदार म्हणजे कोण, हा मुद्दा. विमा प्रत्येक ठेवीदाराला, मुद्दल आणि व्याज धरून, त्या बँकेच्या सगळ्या शाखा मिळून पाच लाखांपर्यंत. संयुक्त खात्यात माझं नाव आधी आणि आईचं नंतर असं एक, आईचं आधी आणि माझं नंतर असं दुसरं, तर हिशेबात ती वेगवेगळी धरतात. पण ११२ घरांनी मिळून मंडळाच्या नावाने ठेवलेला फंड म्हणजे एकच ठेवीदार. आमची रक्कम व्याजासह ११,४२,६०० होती. घरटी दहा हजार दोनशे. तेच पैसे ज्याने त्याने आपल्या खात्यात वेगळे ठेवले असते तर एकेक पैसा विम्याखाली आला असता. एकत्र ठेवले म्हणून निम्म्याहून जास्त उघड्यावर पडले. गावाने एकजूट केली त्याची ही शिक्षा, असं बाबा म्हणाले नाहीत. ते फक्त वही मिटून खळ्यात जाऊन उभे राहिले.

५ मार्च २०२० च्या संध्याकाळी येस बँकेवर निर्बंध आले, पन्नास हजारांच्या वर काढता येणार नाहीत म्हणून. अर्थमंत्र्यांनी ठेवी सुरक्षित असल्याची ग्वाही दिली, स्टेट बँक पुढे झाली, इतर बँकांनीही भांडवल घातलं, आणि १८ मार्चला निर्बंध उठले. तेरा दिवस. आमच्या बँकेला तेव्हा एकोणीस महिने होत आले होते. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या ठेवीदारांना २०१९ च्या सप्टेंबरपासून सहा महिने झाले होते, आणि त्यांना पुढे २०२२ च्या जानेवारीपर्यंत थांबावं लागलं. तिथेही पाच लाखांवरची रक्कम दहा वर्षांपर्यंत हप्त्याहप्त्याने देण्याचं ठरलं.

मी बाबांना समजावत होते की येस बँक फार मोठी आहे, ती पडली तर इतर बँकाही तिच्यासोबत ओढल्या जातील. बाबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "वाचवली ते बरंच झालं. तिथेही कुणाच्या तरी पोरीच्या लग्नाचे पैसे असणार. पण कुणाला वाचवायचं हे ठरवतं कोण, आणि ते आपल्याला आधी कळत का नाही?"

मी शोधलं. रिझर्व्ह बँक २०१५ पासून अशा बँकांची यादी प्रसिद्ध करते ज्यांचं पडणं देशाच्या अर्थव्यवस्थेला झेपणार नाही. तीत आधी स्टेट बँक आणि आयसीआयसीआय, २०१७ पासून एचडीएफसी. येस बँक त्या यादीत नव्हती. तरी वाचवली गेली. म्हणजे यादी वाचूनही उत्तर मिळत नाही.

आणि एक गोष्ट मला त्याहून जास्त खात राहिली. ऑक्टोबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने सरकारी बँकांना दोन वर्षांत २ लाख ११ हजार कोटी रुपयांचं भांडवल पुरवण्याची योजना जाहीर केली होती. बुडीत कर्जांनी त्या बँका पोखरल्या होत्या. बाबांचं पेन्शन अशाच एका बँकेत यायचं. तिच्या दारात रांग लागली नाही, कुणाची झोप उडाली नाही, गाऱ्हाणं घालावं लागलं नाही. आम्हालाही सरकारने वाचवलं होतं आणि आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता. एका खात्यात आम्ही सुखरूप, दुसऱ्यात बुडालेले, माणसं तीच.

हे सगळं मी एकदा बंदरावर आमच्या मासेवाल्या काकीला सांगत होते. तौक्ते वादळ होऊन गेलं होतं, २०२१ चा मे. देवगड बंदरात नांगरलेल्या होड्या फुटल्या होत्या, तिच्या नवऱ्याची होडीही त्यांत होती. तिने माझं सगळं ऐकलं, बांगडे टोपलीत लावता लावता. मग म्हणाली, "तुमचे पैशे अडाकले ता वायट झाला, बाय. पण सरकारान ते भरूचे म्हणतंस, ते खंयसून? मी साबण घेतंय, जाळा घेतंय, त्येच्यातसूनच मां? माझ्या होडयेचो विमो कोणी काढूक नव्हतो."

मला तिला उत्तर देता आलं नाही. तिची बँकेत ठेव नाही. बुडणारी बँक सरकारने वाचवायची तर तो भार तिच्यावरही पडतो, आणि तिच्या फुटलेल्या होडीला मिळणारी भरपाई मात्र पंचनाम्याच्या कागदावर अडते. तेव्हापासून 'सरकारने प्रत्येक बँक वाचवलीच पाहिजे' असं मी म्हणत नाही. नात्यागोत्यात कर्ज वाटणाऱ्या संचालकाला आपली बँक बुडू शकते ही भीती राहिलीच पाहिजे, त्याची भरपाई काकीने का करायची? माझं मागणं वेगळं आहे. सरकार काय करणार आणि काय नाही, हे ठेव ठेवतानाच माणसाला कळू दे. व्याजाचे दर शाखेच्या भिंतीवर ठळक लावतात. त्याच भिंतीवर, त्याच आकाराच्या अक्षरात, मराठीत, लिहा की पाच लाखांच्या पुढे तुमचं तुम्ही बघा. मंडळाचा, देवस्थानाचा, बचत गटाचा फंड एकच ठेवीदार धरला जातो हेही लिहा. बँकांची तपासणी होते, शेरे निघतात. ते माहिती अधिकारात द्यावेत असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या डिसेंबरात दिला होता, त्यावर बँका पुन्हा न्यायालयात गेल्या. बाबांना तो शेरा २०१६ मध्ये वाचायला मिळाला असता तर त्यांनी ठेव पुढे चालू ठेवली नसती. इतकी साधी गोष्ट आहे ही, आणि तिने एका सज्जन माणसाची शेवटची पाच वर्षं खाल्ली.

बाबांना एका गोष्टीचा फार अभिमान होता. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख कोकणातले, रायगडच्या बाजूचे. वर्गात ते हे दरवर्षी सांगायचे. निर्बंधांच्या काळातही त्यांनी रिझर्व्ह बँकेला कधी नावं ठेवली नाहीत, फक्त पत्रं लिहिली. सुवाच्य अक्षरात, अकरा पत्रं. चारांना पोच आली.

१ सप्टेंबर २०२१ पासून कायदा बदलला. निर्बंध आले की नव्वद दिवसांत विम्याची रक्कम द्यायची, परवाना रद्द होण्याची वाट पाहायची नाही. हे खरोखर चांगलं झालं, आणि त्यासाठी ज्यांनी रस्त्यावर उभं राहून घसे कोरडे केले त्या मुंबई-पुण्याच्या ठेवीदारांचे आम्ही ऋणी आहोत. मंडळाने अर्ज भरला, ठरावाची प्रत, पदाधिकाऱ्यांच्या सह्या, सगळं जोडलं. पाच लाख आले. त्यात चौथरा झाला, पुढचे चार खांब झाले, वर पत्रा पडला. दशावतारी आता पावसाच्या भीतीशिवाय रंगतात. मागच्या बाजूचे चिरे तसेच राहिले. त्यानंतर परवानाही गेला आणि बाकीची रक्कम अवसायकाच्या यादीत जाऊन बसली.

२०२५ च्या फेब्रुवारीत न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले. सुरुवातीला तर एक रुपयाही काढता येत नव्हता. गावची एक सून मुंबईला असते, तिचा रात्री अकरा वाजता फोन. खातं तिथेच, रक्कम पाच लाखांहून थोडी जास्त. "ताई, तुम्हाला यातलं कळतं, सरकार देईल ना?" मी म्हटलं, पाच लाखांपर्यंत नक्की. त्यापुढचं मला माहीत नाही. ती रडायला लागली. ऑगस्टमध्ये ती बँक सारस्वत बँकेत विलीन झाली आणि तिचे पैसे तिला मिळाले. तिने पेढे पाठवले. मी ते देवापुढे ठेवले, मनापासून आनंद झाला. पण फेब्रुवारीतल्या त्या रात्री ऑगस्टचं उत्तर तिला किंवा मला, कुणालाही देता येत नव्हतं. आमची बँक, येस बँक आणि ही, तीन बँका, तीन निकाल, आणि पहिल्या रात्री तिन्ही ठिकाणची माणसं सारखीच जागी.

बाबा २०२३ च्या पावसात गेले. वही माझ्याकडे आली. देवळातल्या सभेत बाईने हिशेब वाचायची रीत नव्हती, पण कुणी हरकत घेतली नाही. पहिल्या वर्षी माझा आवाज कापत होता. काजूचा लिलाव, नारळ, वर्गणी, पत्र्याच्या दुरुस्तीचा खर्च, शिल्लक. आणि सगळ्यात खाली बाबांनी दरवर्षी लिहिलेली ती ओळ: येणे बाकी, बँकेकडे, रुपये ६,४२,६००.

या चतुर्थीला ती ओळ वाचली तेव्हा मागून कुणीतरी विचारलं, "बाय, ते गावतले मां?" कलमांची पट्टी देणारी ती काकी आता नाही, तिचा नातू होता तो. मी म्हटलं, अवसायकाला पत्र घातलंय, उत्तर आलं नाही. मग पान उलटलं, नव्या वर्षाच्या माथ्यावर तारीख घातली, आणि तो आकडा पुढे ओढला.